फाटकावरचा आकडा

हाइलच्या पलीकडे, डांबरी रस्ता वैतागून परत फिरतो तिथून आणखी पुढे, गव्हाचं एक शेत होतं. केवढं? या टोकाला पेरणी सुरू केली की त्या टोकाला पोचेस्तोवर इकडचा गहू कापणीला यायचा. पटत नसेल तर चारने भागा. तिथे सगळे तेच करायचे. मी जेवताना काही सांगायला तोंड उघडलं की कँटीनचा आचारी भटारखान्यातून ओरडायचा, "भाईसाब, चार से भागूँ या पाँच से?" आणि सगळी टेबलं खदखदायची. बायको आठने भागायची. तिची माझी ओळख जास्त जुनी.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एक जागा अशी येईल की तिथे भागायचं नाही. ती आली की मीच सांगेन.

माझे वडील हर्णै बंदरात तांडेल होते. वारा आधी नाकात येतो, मग शिडात, असं ते म्हणायचे. त्यांचं नाक असं की शेजारच्या घरी कोणी लग्नाचा नुसता विचार केला तरी त्यांना बिर्याणीचा वास यायचा. वारशात थोरल्या भावाला होडी मिळाली, मला नाक. सौदीत त्या नाकाला समुद्र नव्हता, धूळ होती. पण धुळीलाही गावं असतात. नफूदच्या लाल वाळूला तापलेल्या तव्याचा वास येतो. कापणीच्या धुळीला नव्या पोत्याचा. आणि तिसरी एक धूळ आहे, पिठाहून बारीक, कुठल्या कुठल्या सरहद्दी ओलांडून येते. तिला वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा वास असतो. त्या धुळीला मी भ्यायचो. माझ्यासाठी नव्हे. मला काय होतंय, मी तर एकदा अख्खं वादळ शिंकून परत पाठवलं होतं.

भ्यायचो ते बायकोसाठी. तिला लहानपणापासून दमा. आमच्याकडच्या ओल्या भिंतींच्या बुरशीने तिचे पावसाळे गादीवर बसून जायचे. छातीत सारखी घुरघुर. "मांजर आली," असं ती म्हणायची, आणि घरात तोच शब्द पडला. दापोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या मुलखात न्या. सौदीहून कोरडं काय असणार? पोरं शाळेसाठी तिच्या भावाकडे ठेवली आणि तिला फॅमिली व्हिसावर घेऊन आलो. पहिला महिना मांजर फिरकलीच नाही. ती रोज फाटकापर्यंत चालत जायची आणि परत आल्यावर कमरेवर हात ठेवून, जिंकल्यासारखा, मोठा श्वास घ्यायची.

मग तिथल्या हवेने आपले ऋतू दाखवायला सुरुवात केली. थंडीत तिकडची माणसं उघड्यावर शेकोट्या लावून बसतात, आणि तो धूर गारठून वर जायचा नाही, जमिनीवर अंग टाकून पडायचा. फेब्रुवारीपासून घुबार, म्हणजे धुळीची वादळं. मे महिन्यात कापणी. मशीन फिरू लागली की गव्हाची कुसं आणि भुसा इतका उडायचा की चहा ढवळला तर वर भाकरी तयार व्हायची. आणि सगळ्यांत वाईट दिवस ते, जेव्हा कापणी चालू असते आणि घुबार संपलेला नसतो. वर्षातले चाळीसेक दिवस तिचे, बाकीचे मांजरीचे. पंप, म्हणजे तिचा तोंडात मारायचा औषधाचा फवारा, मिठाच्या बरणीशेजारी असायचा. बाहेर पडताना तो कमरेला खोचायची की राहू द्यायची, हे ती फाटकावरचा आकडा बघून ठरवायची.

त्या आकड्याची गोष्ट अशी. हवा मोजायचं यंत्र शेतात आलं ते माणसांसाठी आलं नव्हतं. ते कोंबड्यांसाठी आलं. शेताला लागून कोंबड्यांच्या लांबच लांब शेड होत्या. हवेत धूळ वाढली की त्यांचे पडदे पाडून पंखे फिरवायचे, नाहीतर हजारो कोंबड्या एका दुपारीत गुदमरून आडव्या. म्हणून आकडा मोजायचा, आणि सकाळी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. दीडशेच्या वर गेला की पडदे बंद. मोजणारा आणि लिहिणारा मी. आकडा अरबी. पण बायकोला तो वाचता यायचा. कुराणातल्या आयतींचे नंबर लहानपणापासून डोळ्यांखालून गेलेले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फळा समोर दिसायचा.

यंत्र बसवायला स्वीडनहून एक साहेब आला होता. उंची इतकी की तो वाकला म्हणजे सावली पडायला पाच मिनिटं उशीर व्हायचा. खांबावर यंत्र चढवताना मी त्याला छेडलं, "तुम्हाला काय कळणार धुळीतलं? तुमच्याकडे नुसता बर्फ."

तो हसला नाही. म्हणाला, "माझं गाव लहान आहे. शेतकऱ्यांचंच. थंडीत रस्त्यावरच्या बर्फावर आम्ही खडी टाकतो, गाड्या घसरू नयेत म्हणून. टायरांना खिळे असतात. वसंतात बर्फ वितळतो, ती खडी खिळ्यांखाली दळून निघते आणि उडते. आकाश निळंशार असतं. आणि माझी आई खिडक्या लावून आत बसते. तिला दमा आहे."

बर्फाच्या देशात धूळ! मी संध्याकाळी कँटीनमध्ये उभा राहून ही गोष्ट सांगितली. आचारी म्हणाला, "ये तो आपके भी बाप निकले। इसको सौ से भागो।" सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो. दुसऱ्याची थाप ऐकायची मला सवय नव्हती, म्हणून ती थाप नव्हती हे ओळखता आलं नाही.

जाण्याआधी साहेबाने यंत्राच्या डोक्यावरची टोपी उचलून दाखवली. खाली बोटभर रुंद जाळी. "ही बुजते," तो म्हणाला. "बुजली की यंत्राला श्वास घेता येत नाही. मग ते म्हणतं, हवा स्वच्छ आहे. मोठा आकडा आला तर घाबरू नकोस. फार लहान आला तर घाबर."

मी मान डोलावली. जुन्या टूथब्रशने ती जाळी साफ करायचं मी ठरवून टाकलं, आठवड्यातून दोनदा, फजरच्या नमाजानंतर, कोणी बघायला नसताना. हे मी कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही.

मग ती वर्षं आली. सौदीकरण, सौदीकरण म्हणून आधी नुसता वास येत होता, एके दिवशी ऑफिसच्या दारावर कागदच लागला. ज्या कामांपुढे लाल खूण, त्या कामावर परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही. त्याने आपलं काम सौदी माणसाला शिकवायचं आणि मुदत संपली की घरी. माझ्या कामापुढची लाल खूण इतकी मोठी होती की रात्री डोळे मिटले तरी दिसायची. हिला भागू नका, अडीच इंच तरी होतीच.

त्या संध्याकाळी कँटीनमध्ये ताटं वाजली नाहीत. जनरेटरवाला केरळचा होता, त्याचं आपल्या माणसाला शिकवून झालं होतं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सब सिखाओ. एक मत सिखाओ."

ही तिथली रीतच होती. जनरेटरवाल्याने कुठला कॉक थंडीत अडकतो ते सांगितलं नव्हतं. पाण्याच्या पंपवाल्याने पट्टा कुठे घासतो ते सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने एक हातचा ठेवला होता. पंधरा दिवसांत मशीन बिघडणार, मुदीर, म्हणजे मॅनेजर, कपाळावर हात मारणार, आणि म्हणणार, आणा त्याला परत. पंपवाल्याचा इकामा खरंच वाढला होता. त्या दिवसापासून आमच्यासाठी तो पीर झाला.

माझा हातचा म्हणजे ती जाळी.

माझ्या जागी आलेला माणूस हाइलचाच होता. बत्तीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप, आधी कुठल्याशा गोदामात कारकून. मला आळशी माणूस हवा होता. दुपारी झोपणारा, मोबाइलवर खिदळणारा. हा माझ्याआधी येऊन खांबाखाली उभा. मी बोलेन ते वहीत लिहायचा. बटण कुठलं, कागदाची गुंडाळी कशी बदलायची, बॅटरी कधी. प्रत्येक दिवसाच्या शेवटी पेनचं टोपण हातात धरून विचारायचा, "उस्ताद, आणखी काही?"

"खलास," मी म्हणायचो.

"आणखी काहीच नाही?"

"अरे, मशीन आहे ते. मशीन खोटं बोलत नाही."

हे वाक्यसुद्धा त्याने वहीत लिहिलं. मी बघितलं लिहिताना.

शिकवून झालं आणि मला शेवटच्या महिन्यांसाठी शेताच्या दुसऱ्या टोकाच्या वर्कशॉपमध्ये टाकलं. नवा माणूस फळ्यावर लिहू लागला. त्याच्या बायकोने खजुराचं सारण भरलेली बिस्किटं पाठवली, माझ्या बायकोने तांदळाची बोरं पाठवली. आठवडाभरात घरात मला टोमणे सुरू.

"खानदानी माणूस आहे," ती म्हणायची. "आकडा विचारला की आकडा सांगतो. गोष्ट सांगत नाही."

"मी काय खोटा आकडा लिहायचो?"

"लिहायचात खरा. पण घरी येऊन त्याला शिंगं लावायचात. चारशे होता म्हणे! खिडकीतून मला नव्वद दिसत होता."

खरं होतं. तिने बाहेर पडू नये म्हणून मी घरी आकडा फुगवायचो. थोडी धूळ असली तरी प्रलय सांगायचो. तिच्या भल्यासाठीच. त्याचा परिणाम इतकाच झाला होता की माझं नाक तिच्या हिशेबी आठ भागांतलं एक उरलं होतं, आणि फळ्यावर तिचा पुरा विश्वास.

कापणी सुरू झाली. जाळीवर तूस बसायला लागलं. मी रोज वर्कशॉपला जाताना फाटकापाशी गाडी हळू करायचो आणि फळा बघायचो. ऐंशी. साठ. चाळीस. आजूबाजूला हवा पिवळी, दाताखाली कचकच, आणि आकडा उतरतोय. मला आनंद होत होता. हे लिहिताना हात जड होतो, पण होत होता. अजून चार दिवस, मग मुदीरच्या लक्षात येईल. कोणाचं काय बिघडणार? फार तर कोंबड्या खोकतील.

बायको तोच फळा वाचते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार बाजूला ठेवत होतो, जेवताना काटा काढून ताटाच्या कडेला ठेवतात तसा.

आकडा बाविसावर आला तेव्हा ती म्हणाली, "बघा, हवा निवळली." अकरा दिवस ती घरातून बाहेर पडली नव्हती.

त्या सकाळी उठलो तेच नाकात पेटीचा वास घेऊन. अगदी पुसट. दारात गेलो. वारा पडलेला. आकाश दुधासारखं, सूर्य त्यात विरघळलेल्या वडीसारखा. रोज गव्हावर झेपावणारी कबुतरं त्या दिवशी शेडच्या आडोशाला जमिनीवर बसली होती, ओळीने, तोंडं एकाच दिशेला करून.

आतून ती ओरडली, "अकरा! अहो, अकरा आकडा! मी तर इथे आल्यापासून पाहिला नव्हता."

साहेबाचे शब्द आठवले. फार लहान आला तर घाबर. पण मी तोंड उघडलं तेव्हा सवयीनेच उघडलं.

"आज पाय बाहेर टाकायचा नाही," मी म्हणालो. "आज असा घुबार येणार की इकडचे उंट उडून इराकात पडतील."

"किती उंट?"

"शंभर!"

"म्हणजे साडेबारा," ती म्हणाली आणि पिशवी झटकली. "अर्धा उंट कसा उडेल हो? तिसऱ्या चकरीच्या कडेला घोळ माजलीय. कापणीवाले तुडवतील त्याआधी आणते. सुकट घालून करते आज."

चकरी म्हणजे गव्हाचं गोल शेत. मधल्या खांबाभोवती चाकांवरचा लांब पाइप घड्याळाच्या काट्यासारखा फिरत पाणी शिंपडतो, म्हणून शेत गोल. पाइपच्या टोकाला पाणी गळायचं, तिथे घोळीची भाजी हिरवीगार. पाऊण कोस चालायचं.

त्या वेळी मला तीन शब्द बोलायचे होते. जाळी बुजली आहे. ते जिभेच्या टोकापर्यंत आले. पण त्यांच्यामागून तिचे प्रश्न येणार होते. तुम्हाला कसं माहीत? कधीपासून? त्याला का नाही सांगितलंत? मी बूट घातले. म्हटलं, उंटांना घाबरली असेल, जाणार नाही. आणि वर्कशॉपला गेलो.

साडेनवाला वास एकदम दाट झाला. बाहेर आलो. उत्तरेकडचं क्षितिज जागा सोडून पुढे आलं होतं. तपकिरी. आवाज नव्हता. वादळं गर्जत येतात असं मीच लोकांना रंगवून सांगत आलो होतो. हे गुपचूप येत होतं, आणि त्याच्या पायाशी असलेले विजेचे खांब एकेक करून नाहीसे होत होते.

इथून पुढे भागायचं नाही.

मी पिकअप घेऊन घरी आलो. दाराला नुसती कडी. पिशवी नाही, तिच्या चपला नाहीत. मिठाच्या बरणीशेजारी पंप होता. आकडा अकरा होता, म्हणून तिने तो ठेवला होता.

पंप खिशात घालून फाटकापर्यंत आलो तोवर दुसऱ्या बाजूचा खांब दिसेना. फळ्याखाली नवा माणूस उभा होता. एका हातात डस्टर, दुसऱ्यात यंत्राची छापील पट्टी. त्याने माझा दंड धरला.

"उस्ताद, मशीन अजून अकराच म्हणतंय. तेरा. परत अकरा. मी वेडा झालोय की ते?"

"माझी बायको तिसऱ्या चकरीला आहे," मी म्हणालो.

त्याने पट्टी टाकून दिली. डोक्यावरचा रुमाल सोडून नाकातोंडाला बांधला, माझ्या हातातून किल्ली घेतली. "यल्ला. कडेकडेने शोधत गेलो तर आपणही हरवू. मधल्या खांबापर्यंत रस्ता आहे, तिथून पाइप धरून जाऊ."

तो रस्ता त्याने दार उघडं ठेवून, खाली वाकून, चाकाजवळची जमीन बघत काढला. मधल्या खांबापाशी उतरलो. दिवे लावले होते, पण हात लांबवला तर बोटं दिसत नव्हती. पाइप डोक्यावर, आणि त्याला ठरावीक अंतरावर चाकांचे मनोरे. एका मनोऱ्याचं लोखंड धरायचं, वरच्या पाण्याच्या फवाऱ्याखालून नीट सरळ चालत राहायचं, दुसरा मनोरा हाताला लागेपर्यंत. वरून पाणी आणि धूळ मिळून चिखल पडत होता. तो मोठ्याने मोजत होता. वाहेद. इत्नेन. तलाता. मी तिला हाका मारत होतो आणि हाक तोंडातून निघताच विझत होती. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये हाताला काही लागेचना. आम्ही दोघे उभे राहिलो. मला माझं नाक आठवलं. वास घ्यायला गेलो तर आत फक्त पेटी. बंद पेटी. मग त्याचा पाय चाकाच्या खोल चरात गेला आणि मनोरा सापडला.

सातव्याखाली ती होती. शेवटच्या चाकाला पाठ लावून, जिथे गळतं पाणी पडतं बरोबर तिथे, ओली ओढणी दुहेरी करून तोंडावर धरलेली. मांडीत घोळीची पिशवी. शहाणी बाई. मी पंप तिच्या तोंडाला लावला. दाबला, पण आत जाईना, कारण ती ओढूच शकत नव्हती.

घुरघुर नव्हती. मी तिच्या छातीला कान लावला. मांजर गप्प होती. दमेकऱ्याच्या घरात हे सर्वांना ठाऊक असतं, आवाज येतोय तोवर हवा येतेय.

हाइलच्या इस्पितळापर्यंतच्या त्या तासाभराबद्दल मला काही सांगता येत नाही. मी, ज्याने एका शिंकेवर तासभर कँटीन बसवून ठेवलं होतं. तो गाडी चालवत होता आणि सारखा मागे विचारत होता, "उस्ताद, आहे?" मी म्हणत होतो, "आहे." शेवटच्या दोन-तीन वेळा मी ते न बघताच म्हणालो.

ती वाचली. आत नळ्या, मुखवटा, सुया. तिसऱ्या तासाला डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तर. 

नवा माणूस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. अंगावरचा चिखल वाळून पापुद्रे निघत होते. म्हणाला, "मी आकाश बघितलं होतं, उस्ताद. डोळ्यांनी बघितलं. तरी अकरा लिहिला. तू म्हणाला होतास मशीन खोटं बोलत नाही."

माझा फोन वाजला. मुदीर. पडदे उघडेच राहिले, दोन शेडमधल्या कोंबड्या संपल्या. बायकोचं त्याला कळलं होतं, एका वाक्यात दुवा केली, आणि मग मुद्द्यावर आला. "मी वर लिहून पाठवतो, हे काम या माणसाच्याने होत नाही. त्याला काढतो. तुझा इकामा वाढवून घेतो. परत ये."

अगदी तसंच. कँटीनमध्ये सांगितलं होतं तसंच, शब्द न शब्द. समोर तो माणूस बसून नखांतला चिखल काढत होता. त्याला अरबीतलं सगळं ऐकू गेलं होतं. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुखवटा बाजूला करून पहिला प्रश्न विचारला तो हाच. "अकरा कसा हो आला?"

मी सांगितलं. जाळी, टूथब्रश, हातचा, सगळं. एकही उंट न घालता. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लहान गोष्ट असेल.

ती छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "याला कितीने भागायचं?"

"भागायचं नाही."

तिने मुखवटा परत नाकावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मुखवट्यात वाफ धरायची, जायची, धरायची. मी तेच बघत बसलो.

त्या दुपारी शेतावर गेलो. नव्या माणसाला खांबाशी नेलं आणि टोपी उचलली. जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी राखाडी रंगाची, बोटाने दाबली तर दबणारी, फेल्टच्या टोपीसारखी गादी. त्याने ती बोटाने दाबून बघितली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुझी बायको फळा वाचते."

"वाचते."

"ला हौल वला कुव्वत," तो हळूच म्हणाला, अल्लाशिवाय कोणाचा जोर नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग त्याने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "आणखी काही?"

मी सांगितलं ते त्याने लिहून घेतलं.

मुदीरकडे गेलो तर तो ऐकून हसायला लागला. "या शेख, तू बोलतोस ना, त्यातलं मी अर्धंच घेतो. त्या माणसाला वाचवायला रचतोयस. मन मोठं आहे तुझं." मी शपथ घेतली. तो आणखी हसला. माझ्या शपथांचा भाव त्या शेतावर काय होता ते मला तेव्हा कळलं. शेवटी खिशातून ती गादी काढून त्याच्या टेबलावरच्या कागदांवर ठेवली. तिच्यातून धूळ झिरपून बाहेर आली आणि कागदावर पसरली. त्याचं हसू थांबलं.

पंधरा दिवसांत फायनल एक्झिटचा शिक्का. नवा माणूस कामावर राहिला. निघायच्या सकाळी फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा खांबाला सुतळीने टूथब्रश बांधलेला दिसला. फळ्यावर आकडा होता एकशे नव्वद. कोंबड्यांचे पडदे पाडलेले. बायको मागच्या सीटवर होती, पंप मुठीत. तिने आकडा वाचला आणि काच वर घेतली.

आता आम्ही गावी असतो. इथेही हवेचे ऋतू आहेत. मार्च-एप्रिलात भाजावळ करतात. भाताच्या रोपांच्या जागेवर कवळ आणि पालापाचोळा जाळतात, तेव्हा खाडीवर धुराचा थर तरंगत राहतो. थापा मी अजून मारतो, चहाच्या टपरीवर, बाहेरच्या लोकांना. घरात नाही. बाजाराला निघताना ती रोज विचारते, "हवा कशी आहे?" मी अंगणात जातो, नाक वर करतो, आणि असेल ते सांगतो. थोडा धूर आहे. खालच्या आळीत जास्त. दुपारनंतर वारा फिरेल.

काल म्हटलं, "आज चांगली आहे. काहीच नाही."

ती उंबऱ्यात थांबली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, फाटकाच्या खांबाकडे, जिथे कधीच कुठला फळा नव्हता. आत गेली. मिठाची बरणी सरकल्याचा आवाज आला. पंप कमरेला खोचून ती बाहेर पडली.